नवख्याला सांभाळू नका, काम द्या

डोंगरात गेलं की स्वतःची ओळख पटते, अशा ओळी शिखरावरच्या फोटोखाली रोज वाचायला मिळतात. पटत असेलही. पण दिवसभर पुढच्याच्या पाठीकडे बघत चाललेला आणि सांगितलं तिथे थांबलेला माणूस त्या गटात पाहुणाच असतो. आपलेपणा वाटायला लागतो तो दुसरा कुणी आपल्यावर विसंबून असतो तेव्हा. कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ साली वेल्समध्ये 'आउटवर्ड बाउंड' ही मैदानी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली, ती तरुण खलाशांना कठीण प्रसंगासाठी तयार करायला. फोटो काढायला नव्हे!

क्लाइंबिंगचंच बघा. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची तपासणी करायची. हार्नेसचा (रोप ज्याला बांधतात तो अंगावरचा पट्ट्यांचा साज) पट्टा कमरेच्या हाडाच्या वर घट्ट बसलाय का? बकल लागलंय का? आठची गाठ हार्नेसच्या दोन्ही लूपमधून गेलीय का, दोऱ्या समांतर आहेत का, शेपूट, म्हणजे गाठीबाहेरचं टोक, निदान वीतभर उरलंय का? बिले म्हणजे चढणाऱ्याचा रोप खालून धरून त्याला पडण्यापासून सांभाळणं; त्या बिलेच्या डिव्हाइसमध्ये रोप योग्य बाजूने घातलाय का, कॅराबिनरचा (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का? तो नुसता बघू नका, दाबून बघा. रोपच्या बिले देणाऱ्याकडच्या मोकळ्या टोकाला गाठ मारलेली हवी. गाठ अर्धवट राहते ती बहुतेकदा बांधता बांधता कुणीतरी बोलायला लागतं म्हणून, आणि यात मुरलेले लोकही सापडतात. म्हणून नवख्याने जुन्याची गाठ तपासायची, तीही मोठ्याने बोलून. पहिल्यांदा बिले देताना त्याच्यामागे तिसऱ्याने रोप धरून बॅकअप द्यावा. पण ब्रेकचा, म्हणजे रोप अडवून धरणारा, हात नवख्याचाच, आणि तो रोपवरून कधीच सुटता कामा नये. वर चढणाऱ्याचं वजन एकदा त्या हातावर आलं की 'मी इथे कशाला आलोय' हा प्रश्न बहुतेकांना पडत नाही.

ट्रेकमध्ये गणित वेगळं. पुढचे विश्रांतीच्या जागी पोचतात, दहा मिनिटं बसतात, शेवटचा धापा टाकत येतो आणि सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. वर 'आपल्यामुळे उशीर झाला' ही टोचणी. विश्रांती शेवटचा पोचल्यापासून मोजा. सर्वात हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवा. चालायला किती वेळ लागेल याचा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ चा ठोकताळा आजच्या मापात असा: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढाला साडेतीन तास. यात विश्रांती धरलेली नाही आणि चालणारा तंदुरुस्त गृहीत धरलाय. नव्या-जुन्यांच्या मिश्र गटाला पाच तास तरी ठेवा. वेळेची ओढाताण झाली की बिल नेहमी हळू चालणाऱ्याच्याच नावावर फाटतं.

नकाशा नवख्याच्या हातात द्या, पण मग दर फाट्यावर मागून उत्तर फोडू नका. वाट सुरक्षित असेल तर शंभर मीटर चुकू द्या. दरी किंवा नदी जवळ असेल तर अर्थातच लगेच थांबवा. नुसती फर्स्ट एडची पिशवी वाहायला देणं म्हणजे काम नव्हे, ते ओझं. आणि 'थांबा' म्हणायचा हक्क पहिल्या दिवसापासून त्यालाही हवा. तो थांबा म्हणाला की सगळ्यांनी आधी थांबायचं, कारण नंतर विचारायचं.