रावेचं वेळापत्रक पिकाला विचारून करा

बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाची पोरंपोरी पावसाळ्यात विदर्भाच्या खेड्यापाड्यांत रावेसाठी उतरतात. रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात त्याला २० आठवडे आहेत. पहिला आठवडा तयारीचा, मग ८ गावात, ५ विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रावर, २ पीक चिकित्सालयात, ३ उद्योगात आणि शेवटचा अहवालाचा. कॉलेजनुसार मागंपुढं होतं, आपलं पत्रक नीट वाचून घ्या. गावातले ८ आठवडे सगळ्यांत मोलाचे, आणि वाया जातात तेही तेच. कारण प्रात्यक्षिकं वहीतल्या अनुक्रमानं उरकली जातात. वावरात पीक कोणत्या अवस्थेत आहे, याचा त्या अनुक्रमाशी काही संबंध नसतो.

माती नमुन्याचंच घ्या. जुलैच्या मध्यात, सोयाबीन वावरात उभं असताना कृषीदूत, म्हणजे रावेची पोरंपोरी, फावडं घेऊन तासांमध्ये (पिकाच्या ओळींमध्ये) उभे राहतात. पेरणीसोबत डीएपी हे स्फुरदाचं खत पडलेलं असतं. त्या तासाजवळची माती तपासली तर स्फुरद भरपूर दिसणार, आणि त्या अहवालावर शेतकऱ्यानं पुढच्या वर्षी खत कमी केलं तर नुकसान त्याचं. नमुना घ्यायचा उन्हाळ्यात, खत-पेरणीच्या आधी. जुलैतच घेणं भाग असेल तर खरिपात पड असलेलं, हरभऱ्यासाठी राखलेलं वावर शोधा. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात (खाऱ्या पाण्याच्या भागात) अशी वावरं मिळतात.

पद्धत सोपी आहे, पण घाईत बिघडते. वावरात नागमोडी चालत ८-१० ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा २० सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, मधली माती फेकायची आणि कडेची वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची. धुरा, झाडाची सावली, विहीर, शेणखताचा ढीग आणि बैल बांधायची जागा टाळायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. रिकाम्या खताच्या पिशवीत नमुना भरला की सगळी मेहनत गेली. काळी आणि मुरमाड जमीन एकाच शेतकऱ्याची असली तरी नमुने वेगळे.

उगवण चाचणी आणि बीजप्रक्रियाही तशीच. गाव पेरून मोकळं झाल्यावर बीजप्रक्रियेचा फोटो काढून काय उपयोग? पेरणीआधी गावात पोचलात तर पहिलं काम हेच करा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे, दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. घरच्या सोयाबीनचे ७० च्या वर दाणे नीट उगवले तर एकरी ३० किलोचं प्रमाण चालतं. त्याखाली आले तर बियाणं त्या हिशोबानं वाढवायचं. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सावलीत सुकल्यावर शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. आणि सोयाबीन जोरात चोळू नका, पाणी तर अगदी बेतानं. त्याचं टरफल इतकं पातळ असतं की चोळल्यानंच उगवण पडते.

उशिरा पोचलात? मग खोटं प्रात्यक्षिक करू नका. पीक उगवलेलं आहे, झाडं मोजा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलेल्या सोयाबीनमध्ये एक मीटर तासात २० झाडं हवीत. वावरात दहा जागी मोजा. १२-१३ भरत असतील तर बियाणं कमी, खोल पडलं की पावसाचा खंड, याचं कारण शेतकऱ्यासोबत बसून शोधा. पऱ्हाटीत (कपाशीत) खाडे दिसले तर नांग्या भरायला, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावायला, उगवणीनंतरचे आठ-दहा दिवसच हातात असतात. आणि बीजप्रक्रियेचं म्हणाल तर ती हरभऱ्याच्या बियाण्यासाठी समजावून ठेवा, ऑक्टोबरात कामी येईल.

निंबोळ्या मात्र थांबत नाहीत. जून-जुलैत पिकून पडतात आणि पावसात सडतात. गावात गेल्या गेल्या वेचायला लागा, गर काढून बिया सावलीत वाळवा. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो बी कुटून ९-१० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी फडक्यातून पिळून गाळायचं, २०० ग्रॅम साबणाचा चुरा लिटरभर पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचा आणि पाणी घालून १०० लिटर करायचं. साबण नसेल तर अर्क पानावर ठरत नाही. काळपट, बुरशी आलेल्या बिया असतील तर परिणाम दिसत नाही, आणि मग गावात पसरतं की निंबोळीनं काही होत नाही. फवारायचा संध्याकाळी, उन्हात त्याचा गुण लवकर जातो. काढला त्याच दिवशी वापरायचा.

आता फवारणी. माझ्या मते विदर्भात रावेचं सगळ्यांत मोठं काम हेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यानंतर हातमोजे, चष्मा, मास्क घातलेले फोटो प्रत्येक अहवालात असतात. पण पंपाला औषध किती टाकायचं, हा हिशोब फार थोड्या अहवालांत असतो. बहुतेक ठिकाणी माप म्हणजे बाटलीचं झाकण.

हिशोब असा शिकवा. पंपात मोजून साधं पाणी भरा. जो माणूस रोज फवारतो त्यालाच, त्याच्या नेहमीच्या चालीनं, त्याच्याच नोझलनं एक गुंठा फवारू द्या. उरलेलं पाणी मोजा. समजा ४ लिटर लागलं. एकराचे ४० गुंठे, म्हणजे एकरी १६० लिटर. पंप १५ लिटरचा, तर पावणेअकराच्या आसपास पंप. लेबलवर एकरी ८० मिली असेल तर पंपाला साडेसात मिली. लेबलवर मात्रा बहुधा हेक्टरी असते, आधी अडीचनं भागा. हातानं चालवायच्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी वेगळं लागतं, म्हणून दोन्हींची चाचणी वेगळी घ्या. पीक वाढलं की पुन्हा घ्या. आलेला आकडा पंपावरच पक्क्या रंगानं लिहा आणि २५ मिलीचं मोजमाप त्या घरी ठेवून या. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही दाखवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हे सगळं मालकासोबतच फवारणीला येणाऱ्या मजुराला समजलं पाहिजे, कारण अंगावर उडतं त्याच्या.

कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी ४५ दिवसांची झाली की लावा, एकरी २, शेंड्यापासून फूटभर वर. तंबाखूच्या हातानं ल्यूरला (सापळ्यातल्या गंधाच्या गोळीला) हात लावायचा नाही. सापळा लावून फोटो काढणं हे अर्धंच काम. रोज सकाळी पतंग मोजून वहीत टिपायचे. सलग तीन रात्री दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा. ही मोजणी घरातल्या शाळकरी पोराकडे सोपवा, तुम्ही गेल्यावरही चालू राहील.

सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसला तर खोडावरची दोन चक्रं दाखवा आणि खालच्या चक्राच्या खालून तोडून नष्ट करायला सांगा. पीक चिकित्सालयासाठी झाड मुळासकट उपटून कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये ते घामेजतं आणि भलतीच बुरशी चढते.

गावात बैठक दुपारी बाराला ठेवू नका. बाया निंदणाला, माणसं डवरणीला गेलेली असतात. सकाळी सातच्या आधी नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. पोळ्याच्या आसपास काहीच ठेवू नका. रांगोळीचा गावनकाशा काढताना रंग काका-मावशींच्या हातात द्या, तुम्ही बाजूला उभे राहा. तुम्ही काढला तर चौक, देऊळ, शाळा येईल. त्यांनी काढला तर पावसात बंद होणारा पांदण रस्ता, आटणारी विहीर आणि गावाबाहेरचा तांडा येईल. तलाठी गावात कोणत्या वारी येतात हे पहिल्याच आठवड्यात विचारा, नाहीतर शेवटी क्षेत्राच्या आकड्यांसाठी धावपळ होते.

रोजनिशी त्याच रात्री लिहा. महिनाभराची एका बैठकीत लिहिली की तोंडी परीक्षेत पहिल्या दोन प्रश्नांत कळतं. पाऊस किती, पीक किती दिवसांचं, कीड झाडामागे किती, शेतकरी नेमकं काय म्हणाला, एवढं टिपलं तरी पुरे. मार्गदर्शक सरांची सही आठवड्याला घ्या.

शेवटची गोष्ट अहवालाची. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, तेव्हा तुम्ही गाव सोडून केंद्रावर किंवा जिनिंगमध्ये असाल. गाव सोडतानाच प्रात्यक्षिकाच्या आणि शेजारच्या साध्या तुकड्यात एकेक गुंठा खुणा करून ठेवा, आणि मळणीच्या आदल्या दिवशी फोन करून दोन्हीकडचं वजन वेगळं करायला काकांना सांगा. तो आकडा अहवालात टाका, कमी आला असला तरी तसाच टाका, आणि छापील प्रत ग्रामपंचायतीत देऊन या.