तिन्ही ठिकाणी एकच ऑइल का नको? प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन. हार्ले-डेव्हिडसन स्वतःचं सिन-थ्री २०डब्ल्यू-५० ऑइल ट्विन कॅम इंजिनच्या मोटरसायकलमध्ये इंजिन, प्रायमरी (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी साखळी आणि क्लच असलेला कप्पा) आणि गिअरबॉक्स अशा तिन्ही ठिकाणी चालतं म्हणते, तरी मी तीन ऑइलं सुचवली. आणि गिअरबॉक्ससाठी ७५डब्ल्यू-९० सांगून ‘डांबर ओतायला’ लावलं.

डांबराचं आधी बघू. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलच्या ग्रेडची मोजपट्टी वेगळी आहे, त्यामुळे ९० म्हणजे ५० पेक्षा जाड असं होत नाही. १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडचं इंजिन ऑइल १६.३ सेंटिस्टोकपासून (ऑइलच्या जाडपणाचं एकक) सुरू होतं, ९० ग्रेडचं गिअर ऑइल १३.५ पासून. म्हणजे गरम झाल्यावर दोन्ही साधारण सारखीच.

कंपनीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ती परवानगी त्या ऑइलला आहे, २०डब्ल्यू-५० छापलेल्या प्रत्येक डब्याला नाही. बिग ट्विनच्या (ट्विन कॅमसारख्या मोठ्या हार्लेच्या) इंजिनात क्लच नसतो, त्यामुळे तिथे डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का) नसलं तरी बिघडत नाही. प्रायमरीत मात्र क्लच प्लेटा ऑइलमध्येच फिरतात. तिथे जासो एमए किंवा एमए२ हवं, नाहीतर खास प्रायमरीचं ऑइल. घर्षण कमी करणारं ऑइल पडलं, तर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्यावर आरपीएम चढतो आणि वेग तिथेच राहतो. गिअरबॉक्सची गरज आणखी वेगळी. दातांच्या दाबाखाली मल्टिग्रेड ऑइलमधले जाडपणा टिकवणारे पॉलिमर तुटतात आणि ऑइल पातळ होतं. पण डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) दिसलं की ओतलं असंही करू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळ-ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतात. मॅन्युअलमध्ये मान्य असेल तरच वापरा.

जुन्या एअर-कूल्ड स्पोर्टस्टरवाल्यांनी (हार्लेचं छोटं मॉडेल) गिअर ऑइल मुळीच घालू नये! तिथे प्रायमरी आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच, साधारण ०.९५ लिटर. त्यात गिअर ऑइल गेलं की क्लच घसरू शकतो.

एकच ऑइल वापरायचं ठरलंच असेल, तर एमए२ असलेलं, व्ही-ट्विनसाठी (हार्लेसारख्या दोन सिलिंडरच्या इंजिनासाठी) बनवलेलं २०डब्ल्यू-५० घ्या. प्रायमरीत बाटली संपेपर्यंत ओतू नका. गाडी साइड स्टँडवरून उचलून सरळ उभी करा आणि क्लचच्या डायफ्राम स्प्रिंगच्या (तबकडीसारख्या स्प्रिंगच्या) खालच्या कडेपर्यंतच भरा. जास्त झालं तर क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. ड्रेन प्लगची ओ-रिंग दर वेळी नवी लावा. प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप येणारच. टोचणारे तुकडे निघाले तर झाकण उघडून बघा.

वेगवेगळ्या ऑइलचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा वेगळाच आहे. गिअरबॉक्स आणि प्रायमरीच्या मधलं मेनशाफ्टचं सील गेलं की गिअरबॉक्समधली पातळी उतरते आणि प्रायमरीतली चढते. एकच ऑइल असेल, तर प्रायमरीत गेल्या वेळी जास्त भरलं होतं की सील गळतंय, हे कळत नाही. गिअर ऑइलचा उग्र वास मात्र प्रायमरी उघडताच येतो.