ग्रीन स्क्रीन काढायची की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एएस/४०० (आयबीएमचा धंद्याच्या कामाचा सर्व्हर) वरची ग्रीन स्क्रीन, म्हणजे काळ्यावर हिरव्या अक्षरांची जुनी स्क्रीन, काढून हलका ब्राउझर द्यावा, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, एएस/४०० वर बिलं टाकणारी तुमची माणसं स्क्रीनकडे न बघता काम उरकतात, त्यांना ब्राउझर दिला की ती माउस शोधत बसणार. दुसरा, ब्राउझर म्हणजे मेमरी खाणारा बकासुर.

मेमरीचं आधी उरकतो. पीसीवर ग्रीन स्क्रीन दाखवणारा आयबीएमचा आजचा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, जावावर चालतो, तोही काही उपाशी राहत नाही. आणि त्याच पीसीवर मेलसाठी ब्राउझर सकाळपासून उघडाच असतो.

वेगाचं म्हणणं रास्त, पण कारण वेगळं आहे. ५२५० टर्मिनलवर (म्हणजे तुमच्या ग्रीन स्क्रीनवर) २४ ओळी, ८० रकाने. एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबेपर्यंत सर्व्हरला काही कळत नाही, मग भरलेलं सगळं एकदम जातं. वेबचा साधा फॉर्मही असाच चालतो की! वेग मरतो तो नव्या स्क्रीन माउस डोळ्यांपुढे ठेवून आखल्यामुळे.

कटकट कीबोर्डची आहे. तुमच्याकडे एफ३ म्हणजे बाहेर, एफ१२ म्हणजे मागे. क्रोममध्ये एफ३ शोधपट्टी उघडतं आणि एफ१२ डेव्हलपर टूल्स. जावास्क्रिप्टने या कीज अडवता येतात, पण साध्या टॅबमध्ये कंट्रोल-डब्ल्यू अडत नाही. अर्धवट बिलासकट टॅब गायब. म्हणून मी हलका ब्राउझर म्हणतो: टॅब नाहीत, एक्स्टेन्शन नाहीत, एकच पत्ता उघडणारा.

मला धास्ती आहे ती लॉकची, म्हणजे एकाने बदलायला घेतलेलं रेकॉर्ड तोवर दुसऱ्याला बदलता येत नाही त्याची. प्रोग्रामने रेकॉर्ड अपडेटसाठी वाचलं आणि ऑपरेटर चहाला गेला, तर दुसरा ताटकळतो (फाइलची डिफॉल्ट वेळ ६० सेकंद) आणि मग एरर. टर्मिनलवर निदान उघडी स्क्रीन दिसते, कोणीतरी हाक मारतं. जुन्या सेशनवर नुसतं वेबचं आवरण चढवलं असेल, तर माणूस फुली मारून मोकळा होतो आणि मागे सर्व्हरवर चालू राहिलेलं त्याचं काम (जॉब) टाइमआउट होईपर्यंत लॉक धरून बसतो. नीट करायचं तर वाचताना लॉक नको. सेव्ह करताना मधे कोणी रेकॉर्ड बदललंय का ते तपासायचं. पैसा इथे लागतो, आणि विकणाऱ्यांच्या डेमोत नेमकं हेच नसतं.

तेव्हा स्टॉक बघण्यापुरते येणारे सेल्सवाले आणि गेटवरची माणसं आधी ब्राउझरवर न्या. बिलिंगला तूर्त हात लावू नका. तुमचे प्रोग्राम लॉक कधी घेतात, तेवढं तुमच्या आरपीजीवाल्याला (एएस/४०० चे प्रोग्राम आरपीजी भाषेत लिहिणाऱ्याला) विचारून कळवा. पुढचं त्यावर ठरवू.