प्लास्टिकच्या कयाकला फायबरचं औषध

पाऊस सरला, खाडीचं पाणी निवळलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज दरवर्षी नव्यानं उगवतो. मजकूर थोडक्यात असा : प्लास्टिकची कयाक (वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी) दगडासारखी असते, वाळूतून खुशाल ओढा. तरी बूड जन्मभर टिकवायचं तर पाण्यात उतरवण्याआधीच त्याला एपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) आणि काचेच्या फायबरचा थर द्या. वरून तेलाचा हात फिरवा. ओरखडे पॉलिशपेपरनं घासून काढा. आणि ने-आण करायला, पाणी निघून जाण्यासाठी कयाकला असतात त्या आरपार भोकांत बसणारी चाकाची गाडी घ्या.

दगडासारखी असेल तर थर कशाला, हे विचारायचं नसतं. पण लिहिणाऱ्यानं हे सगळं मनानं रचलंय असंही नाही. लाकडी होडीचं, फायबरच्या होडीचं आणि प्लास्टिकच्या होडीचं, अशी तीन औषधं त्यानं एकाच बाटलीत ओतली आहेत. ती वेगळी करू.

“वाळूतून ओढा, काही होत नाही.”

हे मी चार हंगाम केलं, म्हणून आधी याच्यावर बोलतो. माझी कयाक दोघांची, पोकळ अंगाच्या वर बसायची, रिकामी असताना तीसेक किलो. एकट्याला उचलत नाही, म्हणून नाळेचं, म्हणजे पुढच्या टोकाचं हँडल धरायचं आणि पुळणीवरून ओढत न्यायची. नाळ वर उचलली की सगळा भार मागच्या टोकावर येतो, तोही तळहाताएवढ्या जागेवर. बाकीचं बूड नव्यासारखं राहतं आणि तेवढी जागा रोज थोडी थोडी जाते. वाळूतला गारगोटीचा कण प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. जेट्टीचा काँक्रीटचा उतार त्याहून वाईट, आणि जांभ्याचं तर बोलायलाच नको.

चौथ्या हंगामात कर्लीच्या खाडीत एकदा परतताना कयाक जडजड वाटायला लागली. वल्हं मारावं तशी पुढे जाईना, वळवली की आत काहीतरी हिंदकळायचं. किनाऱ्याला लावून मागचं बूच काढलं, तर पाण्याची धार थांबेचना. बुडाखाली हात फिरवला आणि मागच्या टोकाला नखाएवढी फट बोटाला लागली. कडा कागदासारखी पातळ. बुडाची जाडी मुळात ५-६ मिलिमीटर असते. ती मीच ओढून ओढून घासली होती. खडपावर एकदाही आपटली नव्हती.

तुमची कयाक फिकट रंगाची असेल तर रात्री अंधारात झाकण उघडून आत पेटता टॉर्च ठेवा. झिजलेली जागा बाहेरून उजळ दिसते. माझ्या पिवळ्या बुडावर भोकाच्या भोवती वाटीएवढं उजळ वर्तुळ दिसलं. ते आधी दिसलं असतं तर भोक पडलंच नसतं.

कोळी आपली होडी वाळूवरून नुसती कधीच फरफटत नाहीत, खाली ओंडके टाकतात. आपल्याला पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे पुरतात. दुसरा माणूस असेल तर तेही नकोत.

“एपॉक्सी आणि फायबरचा थर द्या.”

मेसेजमधला सगळ्यात महागडा सल्ला हाच. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी आणि बाजारातली बहुतेक प्लास्टिकची कयाक या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही पॉलिथिलीनच्या, साच्यात भुकटी टाकून, साचा तापवत सगळ्या अंगांनी फिरवून ओतलेल्या. दुधाची पिशवीही त्याच कुळातली. त्या पिशवीवर कुठलाही गोंद लावून बघा. वाळतो, आणि नखानं पापुद्रा निघतो. पॉलिथिलीनचा पृष्ठभाग चिकटणाऱ्या कुठल्याच गोष्टीला धरून ठेवत नाही. त्यावर ज्योत फिरवून, खास प्रकारचा एपॉक्सी वापरून छोटी दुरुस्ती जमते, पण अख्ख्या बुडाला थर देणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. शिवाय प्लास्टिक लवतं, एपॉक्सीचा थर ताठ राहतो. दोन-चार फेऱ्यांत कड सुटते, कडेखाली वाळू शिरते आणि तो थरच आतून बूड घासायला लागतो.

मग हा सल्ला आला कुठून? फायबरच्या कयाकवरून. तिच्या बाहेरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत थर, अर्धा मिलिमीटर, फार तर थोडा जास्त. तो झिजून आतलं विणलेलं कापड दिसायला लागलं की पाणी मुरतं, आणि तिथे कण्यावर जास्तीच्या जेलकोटची पट्टी देणं शहाणपणाचंच. एपॉक्सी फायबरला घट्ट धरतं. औषध चांगलंच आहे, रोगी दुसरा आहे.

“तेल लावा, खडकावरून घसरेल.”

कोकणात लाकडी होड्यांना माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी रीत आहे. लाकूड ते पितं. पाणी आणि कीड दूर राहते. प्लास्टिक काय पिणार? तेल वर राहतं, त्याला वाळू चिकटते, म्हणजे पॉलिशपेपर घरीच तयार. उरलेलं खाडीत जातं, जिथे खडकावर लोकांची खायची कालवं असतात. आणि पाण्यात पडलात तर त्या तेलकट बुडाला धरून परत चढून दाखवा.

“ओरखडे पॉलिशपेपरनं काढा.”

हेही जेलकोटचं. पॉलिथिलीन घासलं की गुळगुळीत होत नाही, त्याला कुसळं फुटतात. लोंबणारी कुसळं धारदार ब्लेडनं कापा आणि ओरखडे तसेच राहू द्या. हौशी वल्हेकऱ्याचा वेग ओरखड्यांनी नाही, पोटानं कमी होतो.

“भोकांत बसणारी गाडी घ्या.”

अर्धं बरोबर. गाडी घ्याच, पण बुडाखाली पट्ट्यांनी बांधायची. वरचं पाणी निघून जाण्यासाठी असलेल्या भोकांत दांडे घालून खड्ड्यांतून नेली की सगळा धक्का त्या भोकांच्या नळ्यांच्या सांध्यावर येतो. तिथे तडा गेला तर बाहेरून चटकन दिसतही नाही. मऊ वाळूत बारीक चाकं रुततात. फुगीर रबरी चाकं बघा.

मेसेजमध्ये उन्हाबद्दल अक्षरही नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिथिलीन ठिसूळ होतं. टाकी काळी असते ती याच कारणानं : तिच्यातला कार्बन ते किरण अडवतो. आपली पिवळी-नारिंगी कयाक तेवढी नशीबवान नाही. सावलीत, पालथी किंवा कुशीवर ठेवा. गाडीच्या टपावर भर उन्हात पट्टे करकचून आवळू नका, तापलेल्या बुडाला तिथेच खळगा पडतो.

माझं भोक शेवटी कुठल्याही एपॉक्सीनं बुजलं नाही. फुटक्या टाक्या जोडत फिरणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्यानं तापवलेल्या सळईनं भोकाच्या कडा वितळवल्या, त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी त्यात मुरवली आणि वरून सपाट केली. (क्रॉसलिंक प्रकारचं पॉलिथिलीन असेल तर ते वितळत नाही, तेवढं आधी बघून घ्या.) मग आम्ही साबणाचं पाणी लावून, बुचाच्या भोकातून तोंडानं फुंकून बुडबुडे येतात का पाहिलं. आले नाहीत. पैसे खिशात घालताना त्यानं कयाकला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “दादा, ही टाकी बसवणार कुठे?”