स्मार्ट बोर्डावर मराठी कोण आणणार?

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचं माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतलंय. पुण्या-मुंबईतले, गोव्यातले, आखातातले, युरोपातले, सगळ्यांकडं वर्गणीची हाक गेली. मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला शिक्षिका होण्याचं शिक्षण घेते आहे, म्हणून माझं मतही विचारलं गेलं. शाळा सुधारणा समितीवर असलेल्या काकूंनी तर फोनवर थेटच विचारलं, "तिकडं समदं टीव्हीवरच शिकिवत असतील न्हवं गं? मग आमच्या पोरास्नी का न्हाई?"

काकूंच्या प्रश्नातली कळकळ मला पुरती कळते. सकाळी गावाच्या वेशीवर खासगी इंग्रजी शाळेची गाडी येते, तिच्या पाठीवर 'डिजिटल क्लासरूम' रंगवलेलं असतं. टाय लावलेली पोरं तिच्यात चढतात आणि त्याच वाटेनं मराठी शाळेची पोरं चालत जातात. हे रोज बघणाऱ्या आईला आपलं लेकरू मागं पडतंय असं वाटणारच. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 मे 2014 ला कर्नाटकातल्याच खटल्यात निकाल दिला, की खासगी शाळांवर सरकारला मातृभाषेचं माध्यम लादता येणार नाही, माध्यम निवडायचा हक्क पालकांचा. 2019 पासून सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झाले. सीमाप्रश्नाचे मोर्चे, निवेदनं, महाराष्ट्रानं 2004 मध्ये दाखल केलेला दावा हे सगळं आपापल्या जागी महत्त्वाचं आहे. पण मराठी शाळेतल्या पहिलीचा पट दर उन्हाळ्यात घराघरांतल्या ओट्यावर ठरतो, आणि तिथं स्मार्ट बोर्ड हा एक मुद्दा झालाय. तो हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

इथली परिस्थिती मी काकूंना सांगितली तेव्हा त्यांना ती खरी वाटेना. स्वीडननं 2018 मध्ये शालेय अभ्यासक्रमात डिजिटल कौशल्यं घातली, 2019 मध्ये बालवाडीच्या अभ्यासक्रमातही डिजिटल साधनं आणली. मुलांच्या हाती टॅब्लेट आणि लॅपटॉप आले, बऱ्याच ठिकाणी छापील पुस्तकं मागं पडली. मग चौथीच्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात 2016 मध्ये 555 असलेले स्वीडनचे गुण 2021 मध्ये 544 वर आले. 2023 मध्ये तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री लोट्टा एडहोल्म यांनी गाडी मागं वळवली. त्या एका वर्षात शाळांच्या पुस्तकखरेदीसाठी 68 कोटी 50 लाख क्रोनर दिले गेले आणि 1 जुलै 2024 पासून पाठ्यपुस्तकांचा हक्क कायद्यात अधिक ठळक झाला. ज्या देशाकडं बघून आपण बोर्ड मागतोय, तो देश मुलांच्या हातात पुन्हा वही-पेन्सिल देतोय.

पण एवढ्यावरून "बघा, स्वीडननंसुद्धा स्क्रीन सोडली" म्हणत कुणी आमच्या शाळेचा बोर्ड अडवू लागलं, तर मी त्यांच्या बाजूची नाही. ते 544 गुणही जागतिक मध्याच्या, म्हणजे 500 च्या, बरेच वर आहेत. घसरणीला कोरोना किती कारणीभूत, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांची वाढती संख्या किती, आणि स्क्रीन किती, यावर इथंही एकमत नाही. शिवाय इथं मागं वळायला जागा आहे. शाळेत ग्रंथालय असतं, भिंतीला वीज असते, वर्गाला शिक्षक असतो. आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात मागं वळून जायचं कुठं? जे कधी मिळालंच नाही ते सोडून देण्याचा सल्ला फार स्वस्त असतो, आणि परदेशात बसून तो देणं मला बरं दिसत नाही.

सरावासाठी मी ज्या शाळेत जाते तिथल्या तिसरीच्या वर्गात एक छोटंसं यंत्र आहे. दिव्यासारखी वाकणारी दांडी आणि टोकाला कॅमेरा. बाई एखाद्या मुलाची वही त्याखाली ठेवतात, की ते पान भिंतीवर मोठं दिसतं. वजाबाकीचं गणित, हातच्याचा आकडा, खोडरबरानं पुसलेलं, त्यावर पुन्हा लिहिलेलं, सगळं. मग ते मूल पुढं येऊन आपण कसं केलं ते सांगतं आणि इतर मुलं प्रश्न विचारतात. कुठलं ॲप नाही, रंगीत चित्रफीत नाही, बाईंच्या तोंडी जेमतेम चार वाक्यं. इथल्या वर्गांत मी जेवढं तंत्रज्ञान पाहिलं, त्यात मला सगळ्यात जास्त शिकवणारं हेच वाटलं. आमच्या शाळेत पहिलीची बाई याखाली 'ज्ञ' आणि 'क्ष' लिहून दाखवू शकतील, हात कुठून उचलायचा आणि कुठं टेकायचा हे मागच्या ओळीतल्या पोरालाही दिसेल. दुपारी कन्नडच्या तासाला त्याखाली कन्नडची गोल वळणं गिरवता येतील. साधा प्रोजेक्टर आणि स्टँडवर आडवा धरलेला मोबाइल यावरही हे भागतं.

आता मुख्य गोष्ट. बोर्ड आला, भिंतीला लागला, आमदारांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यावर दिसणार काय?

सीमाभागातल्या मुलाची अडचण बंगळूरच्या मुलाला नाही आणि कोल्हापूरच्याही नाही. हे मूल मराठीतून शिकतं, पण त्याची पुस्तकं कर्नाटक टेक्स्टबुक सोसायटीची असतात. दहावीला ते एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची परीक्षा, देतं. कोरोनात, 2020 साली, दूरदर्शनच्या कन्नड चंदना वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी 'संवेद'चे धडे सुरू झाले. अभ्यासक्रम आपल्याच राज्याचा, भाषा मात्र कन्नड. त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागू लागलं. भाषा आपली, पुस्तक महाराष्ट्राच्या बालभारतीचं. एका वाहिनीवर भाषा परकी आणि दुसरीवर धडा परका. गणित-विज्ञानात निभावून जातं, कारण अपूर्णांक दोन्हीकडं सारखेच. पण इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, परिसर अध्ययन यांत महाराष्ट्राची चित्रफीत लावून उपयोग नाही. आमच्या मुलांना कित्तूरची राणी चन्नम्मा शिकायची आहे, मलप्रभा कुठं उगवते हे शिकायचं आहे, आणि ती तर आमच्या तालुक्यात कणकुंबीलाच उगवते.

बोर्डासोबत विकत मिळणाऱ्या तयार धड्यांचंही तेच. मराठीत असले तर महाराष्ट्राचे, कर्नाटकचे असले तर कन्नड किंवा इंग्रजीत. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या ऑनलाइन शिक्षण-मंचावरचं बरंचसं मराठी साहित्यही महाराष्ट्राच्या पुस्तकांवर बेतलेलं आहे. मग व्हायचं काय ते स्पष्ट आहे. बाई सोपं म्हणून इंग्रजी चित्रफीत लावतील, मुलं चित्रं बघतील, आणि मराठी शाळेच्या भिंतीवर दिवसातून दोन तास इंग्रजी बोललं जाईल. शाळेचा पट टिकावा म्हणून आणलेली वस्तू शाळेची भाषाच बाजूला सारेल. वर्गणी मागणाऱ्या आमच्या मित्रमंडळींनी या प्रश्नाला आधी उत्तर द्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पावसाचा विचारही कुणी केलेला दिसत नाही. आपल्याकडं शाळा जूनच्या तोंडावर सुरू होते आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात पहिले तीन महिने पाऊस थांबत नाही. झाड तारांवर पडलं की वीज गेली, ती कधी येईल याचा नेम नाही. मोबाइलला रेंज शोधत टेकडीवर जावं लागतं ते वेगळंच. वर्षातला सर्वात महत्त्वाचा काळ, पहिलीचं मूल अक्षरांशी ओळख करून घेतं तो, बोर्ड अंधारात राहणार हे धरूनच चालायला हवं.

मी निर्णय घेणार असते तर पहिल्यांदा एक दणकट प्रिंटर घेतला असता आणि वर्षभराच्या कागद-शाईची सोय केली असती. बाईंनी स्वतः तयार केलेली गोष्ट, स्वतः काढलेला नकाशा, गावच्या ओढ्याचं नाव असलेलं गणित, त्या दिवशी छापून त्या दिवशी मुलाच्या हातात. मूल ते घरी नेतं, आजीला वाचून दाखवतं. सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरं लेझीम खेळत पुढं असतात. त्यांच्या घरात वाचायला मराठी काय आहे, हे मात्र आपण कुणी बघत नाही. वाचनाचा सराव करून घेणारं एक ॲप मी भाच्याला लावून दिलं होतं. तो आमच्याकडच्या हेलात नीट वाचायचा आणि समोर सारखी लाल खूण यायची. चार दिवसांत त्यानं ते बंद केलं. माणूस शिक्षक त्या मुलाचा हेल ओळखतो, त्याला मान देतो आणि मग प्रमाणभाषेकडं नेतो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की मराठीत हवा तेवढा स्वाध्याय लिहून मिळतो. शिक्षकाचा वेळ वाचत असेल तर तो जरूर घ्यावा. पण आपल्या पुस्तकाशी आणि आपल्या मुलांशी ताडून बघितल्याशिवाय त्यातली एक ओळही फळ्यावर जाऊ नये.

स्क्रीनचा एक उपयोग मात्र मी इथं असा पाहिला, की त्यासाठी मी गावाला स्वतःहून गळ घालीन. स्वीडनमध्ये घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला शाळेत त्याची मातृभाषा शिकता येते. 1977 च्या सुधारणेपासूनची ही व्यवस्था आहे. साधारणपणे पाच मुलांनी मागणी केली आणि योग्य शिक्षक मिळाला की नगरपालिकेनं तो वर्ग द्यायचा. उत्तरेकडच्या एखाद्या लहान गावात सोमाली किंवा अरबी शिकवणारं कुणी नसतं. म्हणून 2015 पासून अशा विषयांसाठी दूरवरच्या शिक्षकानं स्क्रीनवरून थेट शिकवायला कायद्यानं परवानगी दिली. त्यातल्या दोन अटी मला फार मोलाच्या वाटतात. योग्य शिक्षक मिळत नसेल किंवा मुलं फारच थोडी असतील तरच हा मार्ग. आणि मुलांजवळ वर्गात एक मोठं माणूस असलंच पाहिजे.

आमच्याकडं कित्येक मराठी शाळा एक-दोन शिक्षकांवर आणि अतिथी शिक्षकांवर चालतात. एखाद्या मोठ्या मराठी हायस्कुलात विज्ञानाचे उत्तम सर असतात, तर दहा-पंधरा किलोमीटरवरच्या जंगलातल्या शाळेत सातवीला तो विषय सांगायला कुणी नसतं. त्या सरांनी आठवड्यातून दोन तास अशा शाळांना एकत्र, थेट, मराठीतून आणि कर्नाटकच्याच पुस्तकातून शिकवावं. समोर त्यांचा चेहरा असावा, मुलांनी प्रश्न विचारावेत, आणि वर्गात गावचे शिक्षक हजर असावेत. अशा कामासाठी बोर्ड येणार असेल तर माझी वर्गणी नक्की. मात्र याचा आधार घेऊन खात्यानं रिकाम्या जागा भरायचं टाळलं तर समितीनं क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसावं.

त्याच बोर्डावरून आमच्याच जिल्ह्यातल्या बैलहोंगलच्या एखाद्या कन्नड शाळेशी महिन्यातून एकदा गप्पा व्हाव्यात, असंही मला फार वाटतं. कन्नड आमच्या मुलांना शिकायचीच आहे, आणि जंगलातल्या वाडीवर ती कानावर फारशी पडत नाही. तिथल्या पोरांनी आमच्या पोरांना कन्नडमधून आपल्या शेतात काय पेरलंय ते सांगावं, आमच्यांनी त्यांना चार मराठी गाणी शिकवावीत. दोन सरकारांचं भांडण दहा वर्षांच्या पोरांच्या अंगावर घालायचं काही कारण नाही.

या सगळ्यात सर्वात दुर्मीळ गोष्ट आहे शिक्षकाचा वेळ. आज शाळेत तंत्रज्ञान म्हणून जे पोचलंय त्यातलं बरंचसं माहिती भरायचं काम आहे. मुलांच्या नोंदी, आहाराचे आकडे, प्रशिक्षणाची हजेरी, सगळं ऑनलाइन. बाई वर्गात कमी आणि मोबाइलवर जास्त दिसतात यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यावर आणखी एक यंत्र लादण्याआधी त्यांचं ओझं वाटून घेऊया. आम्ही बाहेर राहणारे माजी विद्यार्थी नुसते पैसे पाठवून मोकळे होतो, पण आमच्यात शिकलेले, टाइप करणारे, चित्रफीत जोडणारे, नकाशा काढणारे कितीतरी आहेत. कर्नाटकच्या पुस्तकातले धडे वाटून घ्यावेत आणि प्रत्येकानं एकेका धड्याचं मराठी साहित्य तयार करावं. गावातल्या निवृत्त गुरुजींनी ते तपासावं. वाचून रेकॉर्ड करायचं ते शाळेतल्या बाईंनी, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, म्हणजे मुलांना तो आवाज ओळखीचा वाटेल. चौथीचं परिसर अध्ययन मी घेते. पहिला धडा तयार करून दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींकडं पाठवीन. पाचवी आणि सातवीला अजून कुणी नाव दिलेलं नाही.