उचलली जीभ, लावली दगडाला

माझ्या कपाटाचा खालचा खण उघडायला दोन माणसं लागतात. एक खण ओढायला आणि दुसरं, तो अडकला की "मी सांगत होते" म्हणायला. दुसरं काम बायको बिनतक्रार करते. त्या खणात माझा जीवाश्मांचा संग्रह होता. दगड अजून तेच आहेत, फक्त संग्रह राहिलेला नाही.

कुठेही फिरायला गेलं की लोक डोंगर बघतात, आभाळ बघतात. मी पायाखाली बघतो. अशा खालमानेने गोळा केलेल्या मालात चार रत्नं होती : डायनासोरचं अंडं, नेच्याचं पान, कासवाची पाठ आणि एक हाड. कोणाचं, ते ठरायचं होतं. गेल्या महिन्यात बायकोच्या ओळखीच्या, भूविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई घरी आल्या आणि मी न विचारताच खण ओढला.

आधी अंडं आणलं. बाळाची मान सावरावी तसं, दोन्ही हातांनी. बाईंनी ते फिरवलं, टवका उडाला होता तिथे भिंग लावलं.

"टरफल कुठंय?"

"आत गेलं असेल," मी म्हणालो.

बाई सोशिक. अंड्याचा दगड झाला तरी कवच वेगळं ओळखू येतं म्हणाल्या. पातळ असतं, आतल्या भरावाहून निराळं दिसतं आणि त्याला हवेसाठी बारीक छिद्रं असतात. माझ्या अंड्यात सालीपासून गाभ्यापर्यंत एकच माल, कांद्यासारखा थरांवर थर. गाळात एखाद्या कणाभोवती खनिजं साचत गेली की अशी गाठ तयार होते. "गोल करायला निसर्गाला कोंबडी लागत नाही," बाई म्हणाल्या.

नेच्यावर माझी भिस्त होती. चपट्या दगडावर काळंभोर, नाजूक, फांदीला फांदी फुटलेलं पान. बाईंनी विचारलं, "मधली शीर दाखवा." नव्हती. "देठ?" तोही नव्हता. सगळ्या फांद्या दगडाच्या कडेच्या भेगेतून निघाल्या होत्या. मँगनीजचं पाणी भेगेत झिरपतं आणि जाता जाता ही नक्षी काढून जातं. नऊ वर्षं मी या नेच्याला मनातल्या मनात पाणी घालत होतो. ते मुळात पाण्याचंच काम निघालं.

कासवाबद्दल फार लिहीत नाही. चिखलाचा गोळा घट्ट होताना आतून तडकला आणि भेगांमध्ये कॅल्साइट नावाचं खनिज भरलं. "म्हणजे तडा गेलेला धोंडा," बायको म्हणाली. बाईंनी शास्त्राला धरून दुजोरा दिला.

मग त्यांनाच माझी दया आली आणि त्यांनी एक किस्सा सांगितला. जर्मनीत व्युर्झबुर्गला बेरिंगर नावाचे एक प्राध्यापक होते. मुलं त्यांना टेकडीवरून दगड आणून देत. त्यांवर जाळ्यासकट कोळी, सूर्य, धूमकेतू, एवढंच काय, हिब्रू अक्षरांत देवाचं नाव! 1726 मध्ये त्यांनी त्यावर आख्खं पुस्तक छापलं. दगड कोरून पेरले होते त्यांच्याच सहकाऱ्यांनी. ही नक्षी एखाद्या कारागिराच्या हातची वाटते, हे प्राध्यापकांनाही दिसलं होतं आणि त्यांनी ते पुस्तकात लिहिलंसुद्धा. मला हा गृहस्थ एकदम घरचा वाटला. शिवाय माझा नेचा निदान कोणी कोरलेला तरी नव्हता.

राहिलं हाड. लांबुळकं, तपकिरी, जरासं वाकडं. बाई सहज म्हणाल्या, "जुने लोक जीभ लावून बघायचे. हाड सच्छिद्र, ते जिभेला चिकटतं. साधा दगड सुटून येतो. अर्थात तुम्ही काही..."

पण मी उचलली जीभ, लावली दगडाला. आणि चिकटला!

"तितकला!" मी ओरडलो. जीभ अजून तिकडेच होती.

बाईंनी दगड माझ्या तोंडातून काढून घेतला, रुमालाने पुसला आणि भिंगाखाली धरला. हाडाची बारीक जाळी दिसेना. "आकार बघता..." त्या जरा घुटमळल्या. "कॉप्रोलाइट असू शकेल."

"म्हणजे?"

"विष्ठा. अश्मीभूत."

बायको स्वयंपाकघरात गेली. तिथून भांडी पडल्यासारखा आवाज आला, तो हसण्याचा होता. मी दोन ग्लास पाणी प्यायलो आणि शांतपणे विचार केला. विष्ठा तर विष्ठा, जीवाश्म तर आहे! माशासारख्या दिसणाऱ्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सांगाड्यांत, पोटाच्या जागी, इंग्लंडमध्ये जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला असेच गोळे सापडले आणि भूवैज्ञानिक बकलँडने 1829 मध्ये त्यांना हे नाव दिलं, असं बाईच सांगत होत्या. कोणी काय खाल्लं ते त्यातले खवले आणि हाडांचे तुकडे सांगतात. खणातल्या मधल्या जागेवर कापूस घालून ठेवायचं माझं ठरतही आलं होतं.

बाई मात्र अजून भिंगातून बघत होत्या.

"नाही हो. खवले नाहीत, हाडं नाहीत, काहीच नाही. नुसती घट्ट झालेली चिकणमाती. तीही जिभेला चिकटते."

"बाई, जरा नीट बघा ना," मी काकुळतीला येऊन म्हणालो. "एखादा तरी खवला असेल."