सहाव्यांदा ऐक म्हणे

डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास, परतताना तेवढाच. गेले दोन महिने हा सगळा वेळ मी जगातले ‘महान’ अल्बम ऐकण्यात घालवलाय आणि आता माझं डोकं फिरलंय. कुणाजवळ तरी ओकल्याशिवाय चैन पडायचं नाही.

सगळं सुरू झालं ऑफिसातल्या एका मित्रामुळे. ह्या माणसाच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि तो आहे हे तो दर तासाला सांगतो. एकदा जेवताना मी चुकून म्हणालो, इंग्रजी गाणी आवडतात रे, पण अख्खा अल्बम ऐकायचा कंटाळा येतो. त्याने डबा बाजूला सारला. माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्या कुलदैवताला शिवी दिली. आणि ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची २००३ सालची पाचशे महान अल्बमांची यादी पाठवून दिली. ‘आधी हे ऐक, मग तोंड उघड.’

ऐकले. पाचशे नाही, पण चाळीसेक ऐकले, आणि तेही मध्ये न सोडता. आता तोंड उघडतो.

५८व्या क्रमांकावर एक अल्बम आहे, ‘ट्राउट मास्क रेप्लिका’. कॅप्टन बीफहार्ट नावाच्या गृहस्थांचा, १९६९चा. दोन तबकड्या, २८ गाणी, जवळजवळ ८० मिनिटं. दोन गिटारी दोन वेगळ्या लग्नांत वाजतायत, ड्रमवाला तिसऱ्याच वरातीत, आणि वर हा बुवा घोगऱ्या आवाजात खेकसतोय. ठाणं येईपर्यंत मला वाटत होतं इअरफोन गेला. काढला, पुसला, परत जोडला. नाही. गाणंच तसं होतं.

मित्राला म्हटलं, हे काय आहे? तर म्हणे, ‘पहिल्यांदा असंच वाटतं. पाच-सहा वेळा ऐकावं लागतं, मग उलगडतं.’

हे वाक्य. ह्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितोय मी. पाच वेळा ऐकून आवडला, तर अल्बम महान. नाही आवडला, तर सहाव्यांदा ऐक. म्हणजे अल्बमला नापास व्हायची सोयच नाही, दर वेळी नापास कोण, तर मी! अरे, कारल्याची भाजी सलग सहा दिवस डब्यात आली तर सातव्या दिवशी तीही निमूट खाल्ली जाते. म्हणून तिला कोणी पुरणपोळी म्हणतं का? आमच्या वरच्या मजल्यावर महिनाभर फरशीचं काम चाललंय, त्या ड्रिलची लयसुद्धा मला आता पाठ झालीय. त्याला देऊ का ५९वा क्रमांक?

तरी मी पाच वेळा ऐकला. पाच! साडेसहा तासांहून जास्त झाले हे, आयुष्यातले.

शेवटी वैतागून हे प्रकरण बनलं कसं ते वाचलं, आणि ती कहाणी अल्बमपेक्षा दसपट रंगतदार निघाली. बीफहार्टला पियानो वाजवता येत नव्हता, तरी तो पियानोवरच चाली बडवायचा. जॉन फ्रेंच नावाचा बिचारा ड्रमर त्या उतरवून घ्यायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. लॉस एंजेलिसजवळच्या एका घरात ही पोरं महिनोन् महिने कोंडल्यासारखी तालीम करत होती, पोटाला धड खायलाही नाही. मग स्टुडिओत गेली आणि त्यातली वीसेक गाणी सहा तासांत वाजवून मोकळी झाली. आता ऐका. बीफहार्टने गाताना कानाला हेडफोन लावलाच नाही. काचेपलीकडून जेवढं झिरपत होतं तेवढ्यावर तो गायला. म्हणजे शब्द आणि ताल जुळत नाहीत असं मला वाटत होतं, तो माझ्या कानाचा अडाणीपणा नव्हता. त्या बाबालाच नीट ऐकू येत नव्हतं!

हे वेडंवाकडं उपाशीपोटी घोटून बसवणाऱ्या त्या पोरांना माझा दंडवत आहे. पण मला दाट संशय आहे की यादीवाल्यांना आवडते ती ही कहाणी. ती आधी वाचायची, भारावून जायचं, आणि मग गाणं लागलं की मान डोलवायची. आपल्याकडे ‘सवाई’ला नाही का, शेजारच्याने ‘वा’ म्हटल्यावर अर्ध्या मात्रेने उशिरा ‘वा’ म्हणणारे असतात, तेच हे. फक्त यांच्या अंगात शालीऐवजी काळा टी-शर्ट.

बरं, यादी तरी एका जागी टिकावी! २००३मध्ये पहिला क्रमांक बीटल्सच्या १९६७च्या ‘सार्जंट पेपर्स’ला. २०२०मध्ये त्याच मासिकाने मतदार बदलून नवी यादी काढली, तर हा जगातला सर्वश्रेष्ठ अल्बम थेट २४वा. सतरा वर्षांत त्यातला एक सूर इकडचा तिकडे झालेला नाही. निर्वानाच्या ‘नेव्हरमाइंड’ला १९९१मध्ये ह्याच मासिकाने पाचपैकी तीन तारे दिले होते, आता तो सहावा. अल्बमांना दहापैकी मार्क देणारी ‘पिचफोर्क’ नावाची वेबसाइट आहे, ते तर आणखी पुढचे. २०२१मध्ये त्यांनी आपलेच जुने पेपर परत तपासले. डाफ्ट पंकचा ‘डिस्कव्हरी’ ६.४ वरून दहापैकी दहा. लिझ फेअरच्या एका अल्बमला आधी चक्क शून्य होतं, त्याचे झाले सहा. शून्याचे सहा! आमच्या कॉलेजात फेरतपासणीला पैसे भरावे लागायचे आणि दोन मार्क वाढले तर घरी पेढे यायचे. आणि २००१मध्ये एखादा गरीब जीव म्हणाला असेल की मला ‘डिस्कव्हरी’ आवडतो बुवा, तर तेव्हा त्याला जे टोमणे खावे लागले, ते कोण परत घेणार?

‘सार्जंट पेपर्स’ मी लोकलमध्ये नाही ऐकला. पहिला क्रमांक म्हणून रविवारी आंघोळबिंघोळ करून घरी बसलो. खोटं कशाला बोलू, शेवटच्या गाण्यातली ती पियानोची लांबच लांब विरत जाणारी आस ऐकून अंगावर काटा आला. पण त्याआधीची दोन-तीन गाणी सरळसरळ शाळेच्या गॅदरिंगची आहेत, आणि हे बोलायचं धाडस कुणात नाही. मध्येच बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं ते गाणं लागलं होतं, दिलरुबा, तबला, तंबोरा. आईने आतून विचारलं, आज कुठलं भजन लावलंयस?

वाजवलंय कोणी म्हणून शोधायला गेलो. लंडनमधले भारतीय वादक. आणि त्या जगप्रसिद्ध कव्हरवर त्यांची नावंच नाहीत! पुढे पन्नासहून जास्त लोकांचे चेहरे आहेत, त्यात आपले योगानंदही आहेत. गांधीजीसुद्धा होते, पण भारतात लोक दुखावतील म्हणून कंपनीने काढायला लावले. एवढी त्यांना भारताची काळजी! मागे सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेत. पण अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी दिलरुबा वाजवला, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर होते, नटवर सोनी तबल्यावर, हे जगाला कळायला पन्नास वर्षं गेली. अण्णा जोशी! अहो, ह्या नावाचा माणूस आमच्या वाडीत दर जिन्यात एक निघेल. ह्या अल्बमच्या थोरवीवर कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय, आणि तेवढ्या वर्षांत ह्या चार नावांची कुणाला अडचण झाली नाही.

यादीतलं सगळंच टाकाऊ आहे असं नाही हो. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१चा. जेमतेम ३५ मिनिटं, एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं कळतच नाही. मुंब्र्याच्या आसपास सुरू केला आणि कुर्ला गेलं तरी मी दाराजवळ तस्साच उभा, मागच्याचं कोपर बरगडीत घुसलेलं, तेही जाणवलं नाही. तेव्हा मी त्याच्याबद्दल एक ओळही वाचलेली नव्हती. तो २०२०च्या यादीत पहिला आहे हे नंतर कळलं, आणि माझी जरा चिडचिडच झाली. मित्र आता म्हणणार, बघ, मी सांगत होतो.

म्हणालाच. आणि लगेच काल रात्री व्हॉट्सॲपवर पुढचा मेसेज. ‘मग ट्राउट मास्क? सहाव्यांदा ऐकलास का?’

मी लिहून टाकलं, निकाल राखून ठेवला आहे.